समुद्रात उतरण्याआधी : लाटा पाहा, पाणीही पाहा

पावसाळ्यात शनिवार-रविवार समुद्रकिनारी घालवून आलेले कुटुंब मंगळवारी दवाखान्यात येते. मुलाला जुलाब-उलट्या, मुलीचा कान ठणकतोय, वडिलांच्या पायावरची छोटी जखम चिघळली आहे. "पाणी तर स्वच्छ दिसत होतं, डॉक्टर," हे वाक्य ठरलेलेच. अपघात विभागात याहून गंभीर वाक्य कानावर येते : "तिथे लाटा तर नव्हत्याच." दोन्ही वेळा चूक एकच असते. समुद्राचा धोका नुसत्या नजरेला दिसेल, असे आपण धरून चालतो.

पाणी कधी दूषित असते?

जोरदार पाऊस पडला की रस्त्यावरची घाण, जनावरांची विष्ठा आणि गटारांचे सांडपाणी नाल्यांतून समुद्रात येते. मुंबईत जुहू, दादर, माहीम भागांत पावसाळी पाण्याच्या वाहिन्या किनाऱ्यावरच उघडतात. कोकणात आणि गोव्यात खाडीच्या व नदीच्या मुखाजवळ हेच घडते. एरवी उन्हामुळे पाण्यातले बरेच जंतू मरतात. पण आकाश ढगाळ आणि पाणी गढूळ असेल, तर ते अधिक काळ टिकतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार, पोहण्याच्या समुद्राच्या पाण्यात दर 100 मि.लि.मागे विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू 100 पेक्षा जास्त नसावेत. हे जिवाणू बहुतेक वेळा स्वतः आजार करत नाहीत, पण पाण्यात मैला मिसळल्याची खूण देतात. पाणी निळे दिसते की गढूळ, यावरून त्यांचे प्रमाण कळत नाही. म्हणून साधा नियम पाळा : मोठ्या पावसानंतर किमान दोन-तीन दिवस समुद्रात पोहू नका आणि नाल्याच्या किंवा खाडीच्या तोंडापासून नेहमीच दूर राहा.

कोणी जास्त जपावे?

लहान मुले खेळताना नकळत पाणी गिळतात, त्यामुळे त्यांना जुलाब लवकर होतात. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी शंकास्पद पाण्यात उतरू नये. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी उघडी जखम असताना समुद्रात जाणे टाळावे. खाऱ्या पाण्यातील काही जिवाणू अशा रुग्णांमध्ये अतिशय वेगाने पसरणारा संसर्ग करतात.

शांत दिसणारा पट्टाच धोक्याचा

किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचे पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दोन उंचवट्यांमधून ते एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. यालाच रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतो आणि त्यातून फेस किंवा गढूळ वाळू आत वाहताना दिसते. नेमकी हीच जागा शांत वाटते म्हणून मुलांना घेऊन लोक तिथे उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, तेव्हा ओहोटीच्या वेळी विशेष सावध राहा. मुंबईचा आक्सा किनारा बुडण्याच्या घटनांसाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो. तेव्हा जीवरक्षक किंवा स्थानिक कोळी "इथे उतरू नका" म्हणाले, तर वाद घालू नका. लाल बावटा असेल, तर पाण्यात जाऊच नका.

ओढीत सापडल्यास

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. किनाऱ्याच्या दिशेने त्याच्याशी झगडल्यास दम संपतो आणि माणूस बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या, मग तिरके किनाऱ्याकडे वळा. दुसरा कोणी सापडला असेल तर स्वतः उडी घेऊ नका. दोरी, ट्यूब किंवा रिकामा बंद कॅन फेका, जीवरक्षकाला बोलवा आणि 112 किंवा 108 ला फोन करा.

बाहेर काढल्यावर

पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. त्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. श्वास थांबला असेल तर, प्रशिक्षण असल्यास, आधी तोंडाने श्वास द्या. मग 30 वेळा छाती दाबणे आणि 2 श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आलेली व्यक्ती बरी वाटली तरी तिला रुग्णालयात न्या. खोकला, धाप किंवा गुंगी काही तासांनंतरही वाढू शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

समुद्रावरून आल्यावर स्वच्छ पाण्याने आंघोळ करा आणि कान कोरडे करा. जखम साबण-पाण्याने धुवा. जुलाब झाल्यास ओआरएस सुरू करा. पुढीलपैकी काही आढळल्यास मात्र थांबू नका :

- जुलाबात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल होणे
- जखमेभोवती झपाट्याने पसरणारी लाली, फोड किंवा असह्य वेदना
- पुढील महिनाभरात ताप आणि पोटऱ्यांत दुखणे (लेप्टोस्पायरोसिसची शक्यता) किंवा कावीळ

डॉक्टरांना लक्षणांसोबत "आम्ही अमुक दिवशी समुद्रात गेलो होतो" हेही सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.