सांध्यातली रिंग वगळू नका

राजूरची ओळख कोळशाची आणि चुन्याची. पण वणी तालुक्यातल्या या गावातही आता दुकानाचा गाळा असो की घर, कॉलम-बीमच्या बांधणीलाच पसंती मिळते. म्हणून आमच्या ठेकेदार व कारागीर बांधवांसाठी ही माहिती.

'आपल्याकडे भूकंप होत नाही', असे आम्ही नेहमी ऐकतो. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीही सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणली जात होती. तिथे पडली ती बहुतेक दगडमातीची घरे. परंतु २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. अनेक ठिकाणी कॉलम-बीमच्या सांध्यात रिंगाच नव्हत्या.

भूकंपात इमारत डावी-उजवीकडे हलते. सांध्याचा चौकोन कधी या बाजूला, कधी त्या बाजूला तिरका ओढला जातो आणि त्यावर फुलीसारख्या भेगा पडतात. त्या आवरून धरतात त्या रिंगाच. पण तिथे सळ्यांची गर्दी असल्याने फिटर नेमक्या त्याच सोडून देतो.

यावर पर्याय शोधले गेले आहेत. दोन्ही टोकांना चपटे डोके असलेल्या सळ्यांना आकडा लागत नाही, त्यामुळे गर्दी कमी होते. सांध्यातून फुलीसारख्या तिरप्या सळ्या नेण्याचाही एक मार्ग आहे. पोलादी तंतू मिसळलेल्या काँक्रीटचे सांधे तर अमेरिकेत १९७७ च्या सुमारासच तपासले गेले. अशा चाचणीत बीमचे टोक जॅकने पुन्हापुन्हा वर-खाली ढकलतात. मात्र तंतूंच्या गुठळ्या होतात, माल घट्ट होतो. इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय यातले काहीही वापरू नये.

राजूरसाठी सोपा उपाय एकच. बीमच्या सळ्या सरकवण्यापूर्वी सांध्यातल्या रिंगा कॉलमवर ओवून ठेवाव्यात. भूकंपरोधक बांधणीच्या २०१६ च्या भारतीय मानकानुसार रिंगेचा आकडा १३५ अंशांत आत वळवावा आणि त्याचे टोक किमान ६५ मिलिमीटर ठेवावे. दोन रिंगांतले अंतर १०० मिलिमीटरहून अधिक नको. चारही बाजूंनी रुंद बीम असतील तरच थोडी सूट आहे.

एका सांध्याला चार-पाच रिंगा लागतात. घरमालकांनी काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या स्वतः मोजून घ्याव्यात. नंतर त्या दिसत नाहीत, आणि घालताही येत नाहीत.