खेळण्यांनाही घर हवे

दिवेलागणीची वेळ झाली, की पुष्कळ घरांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘आवरा पाहू तो पसारा!’ मूल जागचे हलत नाही. शेवटी आईच सारी खेळणी गोळा करून एका पेटीत लोटून देते. वाचकहो, आपल्या घरीही असेच होत असेल, तर मुलाला दोष देण्यापूर्वी त्या पेटीकडे एकदा पाहावे.

छत्तीसगडातील नंदिनीनगरचे उदाहरण घेऊ. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणीची ही वसाहत. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे या परिसरात नाना प्रांतांतील कुटुंबे शेजारी म्हणून नांदू लागली. पोळ्याला येथील मुलांच्या हाती चाके लावलेला मातीचा ‘नांदिया बैल’ येतो. मुलींना मातीची इवलीशी चूल, जाते आणि भांडी मिळतात. विदर्भातून आलेल्या कुटुंबात दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल जपून ठेवलेला असतो. आता हे दोन्ही बैल एकाच पेटीत टाकले, तर काय होईल? लाकडाच्या धक्क्याने मातीचे शिंग मोडते आणि ते पाहून मूल स्फुंदून रडते. आपल्या दृष्टीने तो बैल चार पैशांचा; मुलाच्या दृष्टीने तो त्याचा सोबती असतो.

म्हणून पहिला नियम हा, की खेळण्यांची वाटणी त्यांच्या जातीप्रमाणे करावी. मातीची खेळणी खालच्या फळीवर, कापड अंथरून ठेवावीत. लाकडी ठोकळ्यांसाठी टोपली आणि सोंगट्या-मण्यांसाठी झाकणाचा डबा असावा. घरात रांगते मूल असल्यास हा डबा मात्र उंचावरच ठेवावा. ते मणी तोंडात घालते आणि घशात अडकण्याचे भय असते. डब्यावर आतील वस्तूचे चित्र चिकटविले, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही जागा ओळखता येते.

दुसरा नियम उंचीचा. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथील साधने कपाटात कुलूपबंद असत. एके दिवशी शिक्षिका कुलूप लावावयास विसरली आणि मुलांनी आपापली आवडती साधने स्वतःच काढून घेतली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना मात्र त्यात मुलांची निवड करण्याची शक्ती दिसली. त्यांनी मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी, उघडी कपाटे करविली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हीच दृष्टी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत नेली. भोवती सहज मिळणाऱ्या वस्तूंची साधने बनविली. तात्पर्य, यासाठी महागडे कपाट नको. विटांवर ठेवलेली एक फळीही पुरे होते.

तिसरा नियम संख्येचा. सारीच खेळणी एकदम समोर असली, म्हणजे मूल कशातच रमत नाही. थोडी बाहेर ठेवावीत, बाकीची बांधून ठेवावीत आणि आठ-पंधरा दिवसांनी अदलाबदल करावी. जुनेच खेळणे त्याला नव्याने भेटते.

आणि आवरण्याची वेळ? ती जेवणापूर्वीची दहा मिनिटे असावी. मात्र ती शिक्षा होऊ नये. ‘बैल गोठ्यात बांधू या’ असे म्हणून वडिलांनीही शेजारी बसावे. हे काम एकट्या आईचे नव्हे, तसेच ते एकट्या मुलीचेही नव्हे. ठोकळ्यांचे घर अर्धे बांधून झाले असेल, तर तेवढे सकाळपर्यंत तसेच राहू द्यावे.

प्रारंभी फळीवर सारे वाकडेतिकडेच लागेल. मूल झोपल्यावर ते सरळ करण्याचा मोह आवरावा. सकाळी उठून ते आपला बैल स्वतः शोधील आणि तो जागच्या जागी सापडेल. त्या क्षणी त्याला जी व्यवस्थेची गोडी लागेल, ती आपल्या शंभर वेळच्या रागावण्यानेही लागणार नाही.