सिझरनंतरची सूज : साधी कोणती, धोक्याची कोणती?



सिझर झालेली बाळंतीण घरी आली, की चार दिवसांत घरातली माणसं घाबरून विचारतात, "नऊ महिने नव्हती एवढी सूज पायांवर आता कशी आली?" शेजारची बाई सांगते, "पोट कापलंय, सुजणारच, दुखणारच." गटाच्या बैठकीत आम्ही हे नेहमी ऐकतो. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे.

गरोदरपणात अंगात जास्तीचं पाणी साठतं. त्यात ऑपरेशनच्या वेळी सलाईन लागतं. म्हणून दोन्ही पाय, घोटे सारखेच सुजतात. लघवी-घामावाटे हे पाणी निघून जातं आणि साधारण आठवडाभरात सूज उतरू लागते. टाके ओढल्यासारखे दुखणं, पोटात वायू धरणं, हेही चालतं.

अशा वेळी बसताना पाय खाली लोंबू देऊ नयेत, उशीवर ठेवावेत. घरातल्या घरात थोडं थोडं चालावं. उठताना आधी कुशीवर वळावं, मग हाताच्या आधारानं उठावं. खोकताना टाक्यांवर उशी धरावी. बाळंतिणीचं पाणी तोडू नये, तहान लागेल तेवढं द्यावं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घ्यावी. टाक्यांवर तेल, हळद लावू नये, शेकही देऊ नये. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी.

आता धोक्याच्या खुणा नीट ऐका.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. आपला हात लगेच तेलाच्या वाटीकडे जातो. इथं मालीश मुळीच करू नका. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. छातीत दुखलं, दम लागला, तर क्षणभरही थांबू नका.

तोंड-हात सुजले, डोकं फार दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. गरोदरपणात तो ठीक असला तरी बाळंतपणानंतर वाढू शकतो.

टाके लाल, गरम झाले, पू किंवा घाण वास येतो, ताप १००.४ च्या वर गेला, तर जखम चिघळली असू शकते. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर तो जास्तीचा रक्तस्राव आहे.

यातलं काहीही दिसलं तर सव्वा महिना संपायची, घरधनी येण्याची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा. तब्येत गंभीर वाटली तर १०८ ला फोन करा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला ४२ दिवसांपर्यंत उपचार मोफत आहेत. याच दिवसांत आशाताई घरी येतात. त्यांना बाळाबरोबर आईचे पायही दाखवा.

मैत्रिणींनो, बाळंतीण लाजेनं बोलत नाही. "दोन्ही पाय सुजलेत की एकच?" एवढं आपणच तिला विचारूया. आपल्या गटातल्या प्रत्येक बाळंतिणीची अशी चौकशी झाली, तर दवाखान्यात जायला उशीर होणार नाही.