ऱ्होंडा खोऱ्याचा अपुरा ताळेबंद

दक्षिण वेल्समधील ऱ्होंडाच्या खोऱ्यात आज जाणाऱ्या प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते ती हिरवाई. पेन पिख या सपाट माथ्याच्या डोंगरापाशी खोऱ्याचा वरचा शेवट होतो. तेथे कड्यांवरून ओढे कोसळतात, उतारांवर सूचिपर्णी वृक्षांची दाट लागवड आहे आणि माथ्यावरच्या मोकळ्या रानात मेंढ्या चरतात. खाली नदीच्या काठाने मात्र दगडी घरांच्या एकमेकींना चिकटलेल्या रांगा मैलोगणती गेलेल्या आहेत. एक गाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे परक्याला कळू नये. आसपास नाव घेण्याजोगी शेती नाही, मोठी बाजारपेठ नाही. मग या अरुंद घळीत एवढी माणसे आली कशासाठी आणि राहिली कशाच्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे, आणि ते सांगताना अर्थशास्त्रातील काही मूलभूत प्रश्नांना सामोरे जाणे अपरिहार्य ठरते.

साठ वर्षांतील कायापालट

थोरली आणि धाकटी अशी ऱ्होंडाची दोन खोरी पोर्थ या गावी एकत्र येतात. 1851 साली या प्रदेशाचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या पॅरिशची लोकसंख्या एक हजाराच्या आत होती. 1911 च्या जनगणनेत ऱ्होंडाची लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली. अवघ्या साठ वर्षांत घडलेल्या या स्थित्यंतराचे कारण एकच: वाफेच्या यंत्रासाठी अत्यंत उपयुक्त असा, धूर कमी व उष्णता अधिक देणारा दगडी कोळसा. कार्डिफपासून मर्थरपर्यंतचा टॅफ व्हेल रेल्वेमार्ग 1841 मध्ये पुरा झाला होता. 1855 च्या डिसेंबरात ट्रेहर्बर्ट येथून या कोळशाची पहिली रवानगी झाली आणि त्यानंतर लवकरच रेल्वे खोऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचली. भरभराटीच्या काळात सुमारे सोळा मैलांच्या टापूत पन्नासच्या वर खाणी चालू होत्या.

हा कोळसा केवळ ब्रिटनच्या चुलींसाठी नव्हता. ब्रिटिश आरमार त्यावर चाले आणि व्यापारी आगबोटींच्या मार्गांवरील बंदरांत त्याचे साठे ठेवले जात. मुंबई बंदरही त्याला अपवाद नव्हते. कार्डिफच्या गोद्या अपुऱ्या पडू लागल्या व तेथील दर जाचक वाटू लागले, तेव्हा खाणमालक डेव्हिड डेव्हिस व त्याच्या सहकाऱ्यांनी बॅरी येथे स्वतंत्र बंदरच उभारले. ते 1889 मध्ये खुले झाले. 1913 साली दक्षिण वेल्सच्या खाणींतून सुमारे 5 कोटी 70 लाख टन कोळसा निघाला. साम्राज्याच्या समुद्रसंचाराचे इंधन या डोंगरांतून येत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मजुरीची मोजपट्टी

एवढ्या संपत्तीची वाटणी कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. जमिनीच्या मालकाला प्रत्येक टनामागे स्वामित्वशुल्क मिळे. त्यासाठी त्याला कुदळ उचलावी लागत नसे की भांडवल गुंतवावे लागत नसे. रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. हे हक्क सरकारकडे घेण्याचा कायदा होण्यास 1938 साल उजाडावे लागले. कामगाराच्या मजुरीचे दर मात्र 1875 पासून पाव शतकाहून अधिक काळ कोळशाच्या विक्रीभावाशी जोडलेले होते. भाव उतरला की मजुरी उतरे. म्हणजे बाजारातील जोखमीचा मोठा वाटा, ती पेलण्याची ताकद ज्याच्यात सर्वांत कमी त्याच्याच शिरावर टाकलेला होता.

त्यातही मजुरी टनावर मोजली जाई. पण खाणीतील प्रत्येक जागा सारखी नसते. कोठे थरात दगड मिसळलेला, कोठे पाणी साचलेले, कोठे छत खचणारे. अशा ठिकाणी दिवसभर राबूनही माणसाच्या नावावर फारच थोडा कोळसा जमा होई. या अवघड जागांचा मोबदला किती, याच वादातून 1910 मध्ये केंब्रियन कंपनीच्या खाणींत संघर्ष पेटला. सुमारे बारा हजार कामगार त्यात ओढले गेले. नोव्हेंबरात टोनीपँडी येथे दंगल झाली आणि पोलिसांपाठोपाठ लष्करही खोऱ्यात आले. 1911 च्या उन्हाळ्यात कामगार हरले. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न संपूर्ण ब्रिटनचा झाला. 1912 च्या देशव्यापी संपानंतर खाण कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा करणे पार्लमेंटला भाग पडले.

मजुरीच्या हिशेबात न बसणारी आणखी एक बाब होती. 1856 मध्ये सिमर येथील स्फोटात 114, 1867 मध्ये फर्नडेल येथे 178, 1905 मध्ये वॉट्सटाउन येथे 119 माणसे दगावली. 1965 मध्ये, म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतरही, केंब्रियन खाणीत 31 जण मृत्युमुखी पडले. ही झाली मोठ्या अपघातांची नोंद. एकेकट्याने झालेले मृत्यू आणि फुप्फुसात धूळ साचून कणाकणाने आलेले मरण यांचा त्यात समावेश नाही.

तेल, सोने आणि कोळसा

ऱ्होंडाच्या ऱ्हासाचा विचार करताना एक नाव तीनदा पुढे येते, ते विन्स्टन चर्चिल यांचे. 1910 मध्ये टोनीपँडीला लष्कर आले तेव्हा ते गृहमंत्री होते, आणि त्याबद्दलची कटुता त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकली. परंतु पुढचे दोन निर्णय अधिक दूरगामी ठरले. नौदलमंत्री या नात्याने त्यांनी 1912 मध्ये नव्या युद्धनौका तेलावर चालविण्याचे ठरविले; जगातील आरमारांनी कोळशाकडे पाठ फिरविण्याच्या प्रक्रियेला त्यामुळे वेग आला. 1925 मध्ये अर्थमंत्री असताना त्यांनी पौंड युद्धपूर्व दराने पुन्हा सुवर्ण परिमाणाशी बांधला. पौंड महाग झाला, साहजिकच परदेशी ग्राहकाला ब्रिटिश कोळसाही महाग झाला. निर्यातीवर जगणाऱ्या दक्षिण वेल्सला याचा फटका सर्वाधिक बसावा हे ओघानेच आले. त्याच वर्षी केन्स यांनी आपल्या पुस्तिकेत या धोरणावर कडाडून टीका केली आणि चलनाच्या प्रतिष्ठेची किंमत खाण कामगाराच्या मजुरीतून वसूल केली जाणार आहे, हे दाखवून दिले. 1926 ची टाळेबंदी ही त्याची परिणती होय.

पुढील दशकाचे वर्णन आकडेच करतात. 1921 मध्ये सुमारे 1 लाख 62 हजार असलेली ऱ्होंडाची लोकसंख्या 1931 मध्ये 1 लाख 41 हजारांवर आली. तरुण मंडळी लंडन व मिडलंड्सच्या वाटेला लागली. कोळशाने ज्या वेगाने माणसे आणली, जवळपास त्याच वेगाने त्याने ती घालवून दिली.

कष्टकऱ्यांनी उभारलेली संस्कृती

येथे एका गोष्टीची दखल घेतली नाही तर चित्र एकांगी होईल. या खोऱ्यातील माणसे केवळ परिस्थितीची बळी नव्हती. आपल्या पगारातून ठरावीक पैसे कापून देऊन त्यांनी गावोगावी कामगार भवने उभारली. त्यांत वाचनालये, व्याख्यानाची दालने व नाट्यगृहे होती. ट्रिऑर्की येथील पार्क अँड डेअर खाणींच्या कामगारांनी बांधलेली वास्तू आजही नाट्यगृह म्हणून वापरात आहे. चॅपेलांतून गायनवृंदांची परंपरा बहरली. जवळच्याच ट्रेडेगर येथे कामगारांच्या वर्गणीवर चालणारी वैद्यकीय साहाय्य संस्था होती. तेथील खाणीत काम केलेल्या अनायरिन बेव्हन यांनी 1948 मध्ये देशाची मोफत आरोग्यसेवा सुरू केली, त्यामागे या संस्थेच्या अनुभवाची शिदोरी होती. बाजारपेठेने जे पुरविले नाही ते परस्परसाहाय्याने कसे मिळविता येते, याचा हा वस्तुपाठच होय.

1 जानेवारी 1947 रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. तथापि मालकी बदलली म्हणून अर्थकारण बदलत नाही. 1960 नंतरच्या दशकात खाणी भराभर बंद झाल्या. 1984-85 च्या प्रदीर्घ संपात मार्डी खाणीतील एकही कामगार फुटला नाही. पण 1990 च्या अखेरीस तीही बंद पडली आणि ऱ्होंडातील शेवटची खाण इतिहासजमा झाली. शेजारच्या खोऱ्यातील टॉवर खाणीची कथा वेगळी आहे. ‘तोट्यात’ म्हणून बंद केलेली ही खाण कामगारांनी प्रत्येकी 8 हजार पौंड घालून 1995 मध्ये विकत घेतली आणि कोळसा संपत येईपर्यंत, म्हणजे 2008 पर्यंत, ती यशस्वीपणे चालविली. तोटा कशाला म्हणायचे हे हिशेबाच्या पद्धतीवर किती अवलंबून असते, याचा यापरता पुरावा तो कोणता?

ढिगाऱ्यांचे ऋण

हिशेबाचा हाच मुद्दा आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. कोळशाबरोबर निघालेला दगडमातीचा गाळ वर नेऊन डोंगरांवर ओतण्यात आला. कारण तळाची सपाट जागा महाग होती आणि डोंगराला कोणी भाडे मागत नव्हते. 21 ऑक्टोबर 1966 रोजी शेजारच्या टॅफ खोऱ्यातील अॅबरव्हॅन येथे असाच एक ढीग पावसाने भिजून कोसळला आणि खालची शाळा गाडली गेली. 116 मुले आणि 28 प्रौढ प्राणांस मुकले. ढीग झऱ्यावर रचलेला होता. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. असे असूनही गावावर उरलेले ढीग हटविण्यासाठी लोकांच्या देणग्यांतून जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेण्यात आले. ही रक्कम 1997 मध्ये परत करण्यात आली, तीही व्याजाविना. तिची खरी भरपाई करण्याचा प्रयत्न 2007 मध्ये वेल्सच्या सरकारने केला. मृतांच्या नातेवाइकांकडूनच अपराधाचा खर्च वसूल करावा, याला कोणते अर्थशास्त्र म्हणायचे?

हा प्रश्न जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी 2020 मधील वादळी पावसात ऱ्होंडातील टायलर्सटाउन येथे ढिगाऱ्याचा सुमारे 60 हजार टन भाग नदीत घसरला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्यानंतर केलेल्या मोजदादीत वेल्समध्ये अडीच हजारांहून अधिक सोडून दिलेले ढीग आढळले. त्यांतील तीनशेहून अधिक धोक्याच्या वरच्या श्रेणीत मोडतात. 1969 चा कायदा प्रामुख्याने चालू खाणी गृहीत धरून केलेला होता. या ढिगांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारा नवा कायदा 2025 मध्ये झाला. दहा-पंधरा वर्षांत किमान 50 कोटी पौंड लागतील, असा वेल्सच्या सरकारचा अंदाज होता. लंडनच्या सरकारने जून 2025 मध्ये तीन वर्षांसाठी जाहीर केलेली रक्कम 11.8 कोटी पौंडांची आहे.

सगळे ढीग उचलून न्यावेत असा आग्रह धरता येणार नाही. अनेकांवर गवत व झाडी रुजली आहे, दुर्मीळ कीटक-वनस्पतींना तेथे आसरा मिळाला आहे आणि गावकऱ्यांना ते आपल्याच डोंगराचा भाग वाटतात. परंतु त्यांचे चर खोदणे, पाण्याला वाट करून देणे, दर पावसाळ्यानंतर पाहणी करणे हा कधीही न संपणारा आवर्ती खर्च आहे. पाऊस जसजसा अधिक तीव्र होत जाईल तसतसा तो वाढेल. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, तो सव्वाशे वर्षे कोळशाच्या किमतीत धरलाच गेला नाही. स्वस्त कोळशाचा लाभ जगभर पसरला. त्याची न फेडलेली बाकी मात्र त्या उतारांखाली राहणाऱ्या, आधीच रोजगार गमावलेल्या कुटुंबांच्या वाट्याला आली.

ट्रेहाफॉड येथील लुईस मर्थर खाण 1983 मध्ये बंद झाली, आता तेथे संग्रहालय आहे. 1968 मध्ये बंद झालेला, जवळजवळ दोन मैल लांबीचा ऱ्होंडा बोगदा सायकलस्वारांसाठी खुला करावा म्हणून लोक झटत आहेत. हे सर्व स्वागतार्हच आहे. मात्र वारसा म्हणजे रंगरंगोटी केलेली चाके आणि तिकीट काढून पाहायची दालने एवढाच अर्थ घेतला, तर तो फार सोयीचा अर्थ होईल. वारशात मिळकतीबरोबर कर्जही येते, हे आपल्याकडील कोणत्याही वाटणीपत्रात वाचायला मिळते. ज्या ज्या मुलखात आज खाणी चालू आहेत, तेथे खाण बंद झाल्यानंतरच्या शंभर वर्षांचा खर्च आजच्या टनामागे बाजूला काढला जातो काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ खाण चालू असतानाच असते. ऱ्होंडात ती टळून गेली. तेथील माणसे आजही पावसाची रात्र जागून काढतात.