चेरीला हवी थंडी, पळसाला ऊन

धाराशिवच्या अंगणांत आणि शाळांच्या आवारांत ज्या झाडाखाली पोरं लाल, गोड फळं वेचतात, त्या सिंगापूर चेरीचा खऱ्या चेरीशी काही संबंध नाही. हे झाड मुंटिंजिया कॅलाबुरा, मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. त्याच्या मऊ फळात हजारो बारीक बिया असतात. खरी चेरी गुलाब, बदाम आणि सफरचंदाच्या कुळातली. तिच्या फळात एकच कठीण कोय.

भारतातली देखणी रानचेरी म्हणजे प्रूनस सेरासॉयडीस. ती हिमालयात साधारण 1200 ते 2400 मीटर उंचीवर वाढते. साल चकचकीत तांबूस-तपकिरी आणि तिच्यावर आडवे पट्टे. पानांच्या कडा दातेरी, देठाच्या वरच्या टोकाला बारीक ग्रंथी. फूल पाच पाकळ्यांचं, गुलाबी किंवा पांढरट, मधोमध पुंकेसरांचा झुबका. बहुतेक चेऱ्या वसंतात फुलतात, ही मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. शिलाँगचा नोव्हेंबरातला चेरी महोत्सव हिच्याच बहराचा. इतर फुलं सरत आली असताना मधमाश्यांना हिचा मोठा आधार.

आपल्याकडे ही चेरी पोहोचते ती लाकूड होऊन. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात पद्मकाष्ठ म्हणून मिळणारं लाकूड याच झाडाचं मानलं जातं. चरकसंहितेत वर्ण्य (कांती उजळणाऱ्या) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणाऱ्या) या दोन्ही औषधी गणांत पद्मक, म्हणजे हेच पद्मकाष्ठ, आहे.

मग चेरीचं रोप आणून धाराशिवात लावलं तर? शोभेच्या बहुतेक चेऱ्यांच्या कळ्या सुप्तावस्थेत जातात. बराच काळ कडक गारवा मिळाल्याशिवाय त्या नीट उमलत नाहीत. इथल्या बालाघाटच्या पठारावरची थंडी हुरडा खायला बरी, पण चेरीची भूक तेवढ्यावर भागत नाही. पुढे एप्रिल-मेचं ऊन आणि पाण्याची ओढ आहेच.

म्हणून रस्त्याकडेला गुलाबी बहर हवा असला की नगरपालिका आणि बागप्रेमी टॅबेबुया रोझिया लावतात. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर त्याची रांगच आहे. तेही अमेरिकेतलंच. पाच पर्णिकांचं पान, कर्ण्यासारखं फूल आणि शेंगेत पंख असलेल्या बिया, एवढ्यावरून ते चेरीपासून सहज वेगळं ओळखता येतं.

चेरीची खरी मोहिनी पानांआधी फुलण्यात आहे. निष्पर्ण फांदीवरची फुलं कीटकांना आणि पक्ष्यांना लांबून दिसतात. आपल्या जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग परिसरासारख्या शुष्क पानझडी रानांत पळस आणि पांगारा हेच करतात. फरक ऋतूचा. वसंतात फुलणाऱ्या चेरीच्या कळीला आधी गारठा लागतो, तर पळस-पांगाऱ्याचा बहर पानगळीनंतरच्या कोरड्या दिवसांत येतो. त्यांच्या मधावर सूर्यपक्षी आणि साळुंक्या येतात, परागीभवन होतं. पळसाची पत्रावळ होते, फुलांचा रंग होतो. मे महिन्यात बहावा पिवळा होतो, तोही इथलाच.

जिल्ह्यात बहराचा रस्ता करायचा असेल तर रोपवाटिकेत चेरी शोधण्यापेक्षा पळस, पांगारा आणि बहावा मागावा. पहिली काही वर्षं पाणी आणि शेळ्यांपासून राखण दिली की पुढे इथलं ऊन त्यांना पेलतं.