विश्लेषण : राउटरवर ‘हल्ल्या’ची सूचना आणि सतत जाणारे इंटरनेट… दोन्हींचा संबंध किती?

वायफायवर सुरू असलेला व्हिडीओ अडकतो, कार्यालयाची बैठक सुरू असताना कॉल तुटतो. घरातले कोणी तरी राउटरचे अ‍ॅप उघडते आणि तिथे नोंदींची रांगच दिसते. ‘डॉस अटॅक’, ‘पोर्ट स्कॅन’, ‘एसीके स्कॅन’, ‘फ्रॅगल अटॅक’ आणि पुढे अनोळखी आयपी पत्ते. कोणी तरी आपल्या घरावर हल्ला करत आहे आणि म्हणूनच नेट जाते, असा निष्कर्ष मग लगेच काढला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सूचनांचे कारण वेगळे आणि नेट जाण्याचे वेगळे. दोन्हींचा तपास स्वतंत्रपणे केला नाही, तर पासवर्ड बदलूनही नेट जातच राहते आणि खरा धोका असेल तर तो तसाच राहतो.

या सूचना येतात कुठून?

इंटरनेटवर जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) एकूण पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झीमॅप’ नावाचे साधन तयार केले आणि एकाच संगणकावरून पाऊण तासाच्या आत हे सगळे पत्ते चाचपता येतात, हे दाखवून दिले. आज हे काम संशोधन संस्था करतात, ‘शोदान’सारख्या शोधसेवा करतात आणि जगभरातले विषाणूबाधित कॅमेरे व राउटरही करत असतात. तुमच्या घराची कडी वाजवणाऱ्याला तुमचे नाव-गाव ठाऊक नसते. तो सगळ्याच दारांची कडी वाजवत पुढे जातो.

राउटरने दार उघडले नाही आणि तशी नोंद केली, एवढाच बहुतेक सूचनांचा अर्थ. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत नाव लिहिले गेले म्हणजे चोरी झाली असे होत नाही, तसेच हे.

काही नोंदी तर शुद्ध गैरसमजातून होतात. समजा, फोनने एखाद्या संकेतस्थळाकडे माहिती मागितली आणि लगेच तो वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला. तिकडून येणारी उत्तरे राउटरपर्यंत पोहोचतात, पण तोवर राउटर तो संवाद विसरलेला असतो. मग ‘न मागता आलेली’ ही पाकिटे तो ‘एसीके स्कॅन’ म्हणून नोंदवतो. नोंदीत समोरच्या बाजूचा पोर्ट ४४३ दिसत असेल, तर ते बहुधा असेच उशिरा आलेले उत्तर असते. तो पत्ता शोधून पाहिला, तर अनेकदा गूगल, मेटा किंवा अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरचा निघतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ असा रकाना असतो. तिथला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा जोडणीत बाहेरच्या इंटरनेटवरून थेट तुमच्या राउटरपर्यंत येणे मुळातच कठीण असते.

मग नेट का जाते?

याचे उत्तर शोधण्याची सर्वात उपयोगी चाचणी फुकट आहे आणि फोनवर होते. नेट गेले की लगेच मोबाइल डेटा बंद करा आणि वायफायवरच राहून राउटरचे पान उघडा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाशी तो छापलेला असतो. पान झटकन उघडले, तर घरातले वायफाय ठीक आहे आणि बिघाड राउटरच्या पलीकडे, म्हणजे तारेत किंवा पुरवठादाराकडे आहे. पानच उघडत नसेल, तर गडबड घरात आहे. मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका, नाही तर फोन गुपचूप त्यावर जातो आणि चाचणी फसते.

बिघाड पलीकडे असेल, तर फायबरच्या डब्यावरचे दिवे पाहा. ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा संकेतच येत नाही. वायर दुमडली आहे, कनेक्टर सैल आहे किंवा बाहेर कुठे तरी तुटली आहे. कपाटामागे काटकोनात दाबलेली फायबर हे अगदी नेहमीचे कारण. अनेक डब्यांच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ही दिसते. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पट्ट्यात हवी. उणे २७ च्या आसपास रेंगाळत असेल, तर जोडणी कधी टिकेल आणि कधी तुटेल.

बिघाड घरातला असेल, तर गर्दी हा पहिला संशयित. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी जेमतेम तीन चॅनेल (१, ६ आणि ११) आहेत, आणि इमारतीत शेजाऱ्यांचे पंधरा-वीस राउटर. त्यात मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण भिंत ओलांडताना दमछाक जास्त. तिथली काही चॅनेल हवामान व इतर रडारसाठीही वापरली जातात. रडारचा संकेत जाणवला की राउटरला ते चॅनेल सोडावे लागते. विमानतळाजवळच्या घरांत ‘अधूनमधून वायफाय नाहीसे होते’, यामागे कधी कधी हे असते. चॅनेल ३६ ते ४८ पैकी निवडले की हा प्रश्न उरत नाही.

जुना अ‍ॅडॉप्टर आणि टीव्हीमागच्या बंद कप्प्यात तापलेला राउटर, ही कारणे साधी असल्याने सर्वांत शेवटी सुचतात. आणि एक गंमत. काही राउटरमध्ये ‘डॉस प्रोटेक्शन’ची मर्यादा फार खाली ठेवलेली असते. मग व्हिडीओ कॉल किंवा गेमची पाकिटे वेगाने आली की राउटर त्यांनाच हल्ला समजून अडवतो. इथे सूचना आणि तुटणारे नेट यांचा संबंध खराच असतो, फक्त तो उलटा असतो.

खरा हल्ला कसा दिसतो?

नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. ‘मिराई’ या विषाणूचा एक अवतार राउटरच्या दूरस्थ देखभालीसाठी असलेल्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर धडका मारत होता. राउटर बाधित झाले नाहीत, पण त्या माऱ्याने गुदमरून बंद पडले. त्याच्या आदल्याच महिन्यात मिराईने बाधित केलेल्या कॅमेऱ्यांनी व इतर उपकरणांनी अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. मिराईचे शस्त्र होते सुमारे ६० ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ त्यांपैकीच एक.

राउटर खरोखर बाधित होतो, तेव्हा मात्र तो सहसा गाजावाजा करत नाही. २०१८ मधील ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणांत ठाण मांडले होते. त्यांतील बहुतेकांच्या घरी नेट नीट चालूच होते.

काय तपासावे?

नोंदीत हल्ल्याचा उगम म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर ती सूचना गंभीरपणे घ्या. तो पत्ता घरातल्याच उपकरणाचा आहे. राउटरच्या यादीत तो कोणाचा ते पाहा. अनेकदा स्वस्तातला कॅमेरा किंवा टीव्ही बॉक्स निघतो. तो दोन दिवस बंद ठेवून नोंदी थांबतात का, ते बघावे.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तोच बदलायचा राहून जातो. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद हवे. डीएनएसच्या रकान्यात पुरवठादाराचा पत्ता किंवा तुम्ही स्वतः निवडलेला (८.८.८.८ गूगलचा, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा) असावा, तिसराच काही दिसला, तर तुम्ही बँकेचा पत्ता टाइप करूनही बनावट पानावर पोहोचू शकता. फर्मवेअर अद्ययावत करा. कंपनीने ते देणेच थांबवले असेल, तर राउटर बदलण्याला पर्याय नाही.

राउटर बंद-चालू केल्याने मिराईसारखा केवळ मेमरीत राहणारा विषाणू निघून जातो. पासवर्ड जुनाच असेल, तर तो काही मिनिटांत परतू शकतो. सुई टोचून करायचे ‘फॅक्टरी रीसेट’ मात्र घाईने करू नका. पुरवठादाराने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक त्यात पुसले जाऊ शकतात. मग चालू असलेले नेटही जाते, आणि रविवारी केबलवाला फोन उचलत नाही. आधी ही माहिती मागून लिहून ठेवावी.

‘या क्रमांकावर फोन करा’ म्हणणारी सूचना

ब्राउझरवर अचानक लाल पडदा, सायरनचा आवाज, ‘तुमचा राउटर हॅक झाला आहे, त्वरित संपर्क साधा’ आणि खाली फोन क्रमांक, हा प्रकार सरळ फसवणुकीचा आहे. राउटर असा क्रमांक देत नाही. फोन केल्यावर पलीकडचा माणूस स्क्रीन दिसेल असे अ‍ॅप घ्यायला लावतो आणि खाते रिकामे होते. ते पान बंद करा. पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

पुरवठादाराकडे तक्रार करताना

‘नेट सारखे जाते’ एवढेच सांगितले, की ‘राउटर बंद-चालू करा’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी तीन-चार दिवसांची नोंद ठेवा : नेट किती वाजता गेले, किती वेळ गेले, तेव्हा राउटरचे पान उघडत होते का, लॉसचा दिवा कसा होता, आरएक्स पॉवर किती होती. दिव्यांचा फोटो काढा. तक्रार क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे पहिली मागणी त्या तक्रार क्रमांकाचीच होते.