ताटातील धान्य आणि रक्तातील साखर



मधुमेहावर बोलावयास उभा राहिलेला माणूस कारल्याच्या रसापासून आरंभ करील, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असेल. मला आरंभ करावयाचा आहे तो आपल्या रोजच्या ताटापासून.

माझ्याकडे एक सेवानिवृत्त गृहस्थ येत असत. प्रत्येक वेळी त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे : "डॉक्टरसाहेब, साखर अगदी वर्ज्य केली आहे; चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. तरी रक्तातली साखर उतरत नाही, हे कसे?" एके दिवशी मी त्यांना आदल्या दिवशीचे सगळे खाणे कागदावर लिहावयास लावले. सकाळी बशीभर पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि वाटीभर भात, चार वाजता चार बिस्किटे, रात्री दोन भाकरी आणि पुन्हा भात. मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. ह्या सर्वांत मिळून पिष्टमय पदार्थ, म्हणजे ज्यांना कर्बोदके म्हणतात ते, सुमारे सव्वादोनशे ग्रॅम भरले. चहाच्या चमच्यात मोजले तर पंचेचाळीस चमचे. गृहस्थांनी चहातले सहा चमचे मोठ्या निग्रहाने वाचविले होते; पंचेचाळीस चमच्यांकडे त्यांचे, आणि खरे सांगावयाचे तर माझेही, लक्ष गेले नव्हते.

भाकरी गोड लागत नाही, म्हणून तिच्यात साखर नाही असे आपण समजतो. परंतु पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची गुंफलेली साखळीच होय. आतड्यात ती साखळी तुटते आणि साखर रक्तात उतरते. ज्वारीची उतरते, गव्हाची उतरते, तांदळाचीही उतरते. वेगात फरक असतो, कोंड्यामुळे थोडा विलंब लागतो, इतकेच. गहू सोडून ज्वारी धरली म्हणजे आजार हटला, ही समजूत म्हणूनच फार भरवशाची नव्हे. शंभर ग्रॅम पीठ कोणत्याही धान्याचे घ्या, त्यात साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्ट असावयाचेच.

आता शरीराची बाजू पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम एक चमचा! जेवणानंतर येणारे दहा-बारा चमचे स्नायूंत आणि यकृतात वेळेवर हलविणे हे इन्शुलिनचे काम. लहानपणी जडणाऱ्या मधुमेहात इन्शुलिन बहुधा संपलेलेच असते, आणि ते टोचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. प्रौढपणी येणाऱ्या मधुमेहात आरंभी तसे नसते. इन्शुलिन असते, पण शरीर त्याचे ऐकत नाही. यकृतात चरबी साठते आणि ते गरज नसतानाही रक्तात साखर सोडीत राहते. स्वादुपिंड जास्त जास्त राबते आणि हळूहळू थकते. थकलेल्या हमालाच्या पाठीवर रोज तेवढेच पोते द्यावयाचे, का पोते हलके करावयाचे, असा हा साधा प्रश्न आहे.

"पण मी तर सडपातळ आहे" असे कोणी म्हणेल. 2004 साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले छायाचित्र छापून आणले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. चरबी मात्र युडकिन ह्यांच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! तेव्हा काट्यावरचे वजन पाहून आपण निश्चिंत राहू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांत अंगाने किरकोळ दिसणारेही पुष्कळ आहेत.

ही आहाराची कल्पना नवी नव्हे. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार केले, आणि दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला भरपूर चालावयास सांगितले. जॉन रोलो नावाच्या लष्करी शल्यवैद्याने 1796 साली कॅप्टन मेरेडिथ ह्या स्थूल रोग्याला धान्य व भाजीपाला जवळजवळ बंद करून मांस आणि दूध ह्यांवर ठेवले, आणि त्याच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. 1870-71 साली पॅरिसला शत्रूचा वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या मधुमेही रोग्यांची प्रकृती सुधारते आहे हे बूशार्दा ह्या फ्रेंच वैद्याच्या ध्यानी आले. पुढे 1921-22 साली टोरांटोला इन्शुलिन हाती आले. मरणाऱ्या मुलांना त्याने जीवदान दिले. पण त्या झगमगाटात पथ्याचा जुना दिवा जरा मागे पडला.

अलीकडे तो पुन्हा पुढे आणला गेला आहे. 2019 साली अमेरिकेच्या मधुमेह संघटनेच्या तज्ज्ञांनी नमूद केले की, रक्तशर्करा सुधारण्यासाठी आहारातील एकूण कर्बोदके कमी करणे ह्या उपायामागे सर्वांत अधिक पुरावा आहे. 2021 साली तेवीस चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदके घेणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांची तीन महिन्यांची सरासरी शर्करा सहा महिन्यांअखेर मधुमेहाच्या रेषेखाली आली होती; इतर आहारांवर हे प्रमाण 31 टक्के होते. परंतु वर्षाअखेरीस हा फरक बराच ओसरला, हेही सांगितले पाहिजे. त्याचे एक कारण उघड आहे : पथ्य सुटते. म्हणून जे जन्मभर पाळता येईल तेच हाती घ्यावे.

ते काय? पोळी अथवा भाकरी तिनाऐवजी एक. भात हवा असेल तर पोळी नाही. रिकाम्या झालेल्या जागी पालेभाजी, गवार, दुधी, कोबी दुपटीने. जोडीला घट्ट वरण किंवा मोडाची उसळ (डाळीतही पिष्ट आहे, तेव्हा मापानेच), दही, पनीर, मूठभर शेंगदाणे. चालत असेल त्यांनी अंडी आणि मासळी. पोट भरले पाहिजे, नाही तर रात्री दहा वाजता डबा उघडला जाईल. तेलातुपाला मात्र ह्यात मोकळीक मिळाली असे समजू नये.

उपवासाविषयी बोललो नाही तर आपल्याकडचे अर्धे सत्य राहून जाईल. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टाचा गोळा. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस, रात्री वरीचे तांदूळ. देवाला हा उपवास पोचत असेलही, स्वादुपिंडाला तो पोचत नाही. आणि दुसरी गोष्ट आपल्या माजघराची. सर्वांची जेवणे आटोपल्यावर घरातील बाई बसते तेव्हा उसळ संपलेली असते, दह्याचे भांडे रिकामे असते, उरलेला असतो भात. तिची साखर वाढली की आपण तिलाच पथ्य सांगतो! तिच्या वाटणीची वाटी आधी काढून ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. डाळ, अंडी, दही ही धान्यापेक्षा महाग पडतात, हे मला ठाऊक आहे. शेंगदाणे आणि ताक त्यातल्या त्यात आवाक्यातली.

आता अत्यंत महत्त्वाची सूचना, आणि ही ऐकल्यावाचून कोणी उठू नये. जे इन्शुलिन टोचून घेतात अथवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी आपल्या मनाने पोळी-भात एकदम कमी केला आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर धोक्याइतकी खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येते. लघवीवाटे साखर काढून टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना कर्बोदके फार तोडली, तर रक्तात आम्ले साचण्याचे संकट ओढवते. तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावे, औषधाचे माप बदलून घ्यावे, आणि मगच ताट बदलावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर हा प्रयोग परस्पर मुळीच करू नये.

माझ्या त्या गृहस्थांच्या गोळ्या कमी करून आम्ही बेताने प्रारंभ केला. पहिला महिना त्यांनी कुरकूर केली, दुसऱ्या महिन्यात बायकोने केली, तिसऱ्या महिन्यात तपासणीचा कागद आला आणि कुरकूर थांबली. रोग मुळातून गेला असे मी त्यांना सांगितले नाही. जुने ताट परत आले की साखरही परत येते.

शेवटी, हे दिवस आंब्याचे आहेत, आणि सभा संपताच मला जिन्यात गाठून हाच प्रश्न विचारला जाणार, म्हणून इथेच सांगून टाकतो. आमरस-पुरी नको. साखर आटोक्यात असेल तर आंब्याच्या दोन फोडी खा, त्या जेवणात पोळी आणि भात दोन्ही सोडा, आणि दोन तासांनी बोटाला टोचून साखर पाहा. आकडा चढला असेल तर उद्या एकच फोड.